शेवटचं बटण आणि वहिनींचा पत्ता

वहिनी घरून काम करत. हे वाक्य वाचून ज्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीतली कुंडी, हातात कॉफी आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली हसरी बाई उभी राहिली असेल, त्यांनी तिला कृपया परत पाठवावं. वहिनींचं ऑफिस म्हणजे मागच्या खोलीतलं शिलाई मशीन. मशीन पोटात दुमडलेलं, वरच्या फळीवर कॉम्प्युटर आणि खाली पायटा जागच्या जागी. काम करताना एखादा शब्द अडला की वहिनींचे पाय आपोआप पायटा मारायला लागत. शिवून काहीच निघत नसे, पण शब्द मात्र बऱ्याचदा सापडे.

त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली धाकट्या दिराने. मग शेजारचे म्हणू लागले, दूधवाला म्हणू लागला, जिन्यात भेटणारी अनोळखी माणसंही म्हणू लागली. एकदा घाईत नवऱ्याच्या तोंडूनही तीच हाक निघून गेली. त्या प्रसंगाबद्दल पुढे दोघांनीही कधी चकार शब्द काढला नाही.

काम असं होतं : एका मोठ्या हॉस्पिटलमधले डॉक्टर रोगी तपासून झाल्यावर यंत्रात बोलत आणि वहिनी ते कानाला लावून टाइप करत. एक डॉक्टर काहीतरी चघळत बोलायचे. एक नेहमी लिफ्टमध्ये शिरता शिरता बोलायचे, त्यामुळे रोग्याच्या यकृताचं काय झालं ते चौथ्या मजल्यावर कळायचं. अनोळखी माणसांची मूत्रपिंडं आणि पित्ताशयं वहिनींना इतकी पाठ झाली होती, की स्वतःची पाठ दुखते हे त्यांच्या लक्षात यायला संध्याकाळ व्हायची.

आता ही सगळी माहिती खाजगी. म्हणून हॉस्पिटलने कॉम्प्युटरच्या दारावर एक अतिशय कडक पहारेकरी बसवला होता. तो माणूस नव्हता, त्यामुळे त्याला चहापाणी देऊन वळवण्याची सोय नव्हती. तो पासवर्ड विचारायचाच, शिवाय तुम्ही कुठल्या पत्त्यावरून आलात हेही बघायचा. पत्ता म्हणजे घराचा नव्हे. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता मिळतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. तो पत्ता पहारेकऱ्याकडे नोंदलेला असला तर दार उघडायचं. नसला तर तुम्ही साक्षात हॉस्पिटलचे मालक का असेनात, बाहेर.

आणि वहिनींचा पत्ता रोज सकाळी बदललेला असायचा.

याचं कारण बाहेरच्या खोलीत, आरामखुर्चीत बसलेलं असे. वहिनींचे सासरे. आयुष्यभर त्यांनी एका छापखान्यात काम केलं आणि छापखान्यातून सगळ्यात शेवटी बाहेर पडणारा माणूस हीच त्यांची ओळख होती. यंत्रं थंड झाली का बघायचं, शेगडी बघायची, एकेक बटण बंद करायचं, मग कुलूप. ते गावी गेले असताना कुणीतरी खळ शिजवायची शेगडी चालू ठेवून गेलं आणि कागदाचं अख्खं कोठार जळालं. त्या दिवसापासून जगातली कुठलीही लुकलुकणारी गोष्ट म्हणजे विसरलेली शेगडी, असं त्यांचं ठाम मत झालं.

न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून त्यांचं सगळंच हळू झालं होतं. औषधं हातात द्यावी लागत, डोळ्यांत थेंब घालावे लागत, उठताना कोपराला आधार द्यावा लागे. घरातली सगळी कामं एकेक करून त्यांच्या हातून काढून घेतली गेली होती. उरलं होतं एक. जेवणं झाली की काठी टेकत ते घरभर फिरत. नळ, गॅस, कडी आणि सगळ्या खोल्यांतली सगळी बटणं. टक्, टक्, टक्. फ्रीजच्या बटणावरून सासूबाई हयात असताना मोठं युद्ध झालं होतं आणि ते सासूबाईंनी जिंकलं होतं. त्यांच्या माघारी सासऱ्यांनी तो तह इमानाने पाळला. पण इंटरनेटच्या डब्याबद्दल कुठलाही तह झालेला नव्हता. तो डबा आला तेव्हा तह करणारी व्यक्ती राहिली नव्हती. त्यामुळे डबा रोज झोपायचा, सकाळी उठायचा आणि उठताना नवा पत्ता घेऊन उठायचा.

मग वहिनी हेल्पडेस्कला फोन लावत. तिकडे एक गृहस्थ होते, त्यांना बारा महिने सर्दी. नाव त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण नेमकी त्याच वेळी शिंक आली. तेव्हापासून वहिनींच्या लेखी ते सर्दीवाले.

“मॅडम, पत्ता परत बदलला तुमचा.”

“मी तिथंच बसलेय हो. टेबलसुद्धा तेच आहे.”

“तुम्ही तिथंच आहात, पण आम्हाला रोज वेगळीकडून दिसता. डायनॅमिक आहे ना तुमचा.”

“माझ्यात तेवढंच डायनॅमिक उरलंय. वाफ घेतलीत का काल?”

“घेतली. डाव्या बाजूला थोडं मोकळं वाटतंय. थांबा, नवा पत्ता टाकतो, पण वरून मंजुरी यायला वेळ लागेल.”

हा वेळ कधी कपभर चहाचा असे, कधी अख्ख्या सकाळचा. तोवर डॉक्टरांची बोलणी साचत जात आणि वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून समोरच्या भिंतीकडे बघत. भिंत बघण्यासारखी नव्हती. पण तेवढा वेळ त्यांना कुणी काही मागत नसे.

एके दिवशी सुपरवायझर बाईंचा फोन आला. या बाई फार गोड बोलत, म्हणून सगळे त्यांना टरकून असत.

“कसं आहे ना,” त्या म्हणाल्या, “तुमचं काम छानच आहे. पण निम्म्या सकाळी तुम्ही दाराबाहेर. एकतर पत्ता कायमचा करून घ्या, नाहीतर पुढच्या एक तारखेपासून ऑफिसला या. तुमची खुर्ची अजून आहे हं इथं. कपसुद्धा आहे.”

ऑफिस म्हणजे दोन बस आणि मधे बरीच चाल. उजाडायच्या आत निघायचं, दिवे लागल्यावर परतायचं. नवरा डेपोत पाळ्या करणारा. आणि मग दिवसभर सासऱ्यांना उठताना कोपराला कोण धरणार? नोकरी सोडली तर घर चालणार नाही आणि नोकरीला गेलं तर सासरे चालणार नाहीत, असा सरळसोट हिशोब होता.

नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बघू.” त्याला घरात बघू असंच म्हणत. लग्नाला होकारसुद्धा त्याने याच शब्दात दिला होता म्हणे.

“बाबांना सांगू का मी,” त्याने जरा वेळाने विचारलं, “की बटण नका बंद करू म्हणून?”

“काय सांगणार? तुमचं एवढं एक काम उरलंय, तेही आता नको?”

हे मात्र बघूला आधीच दिसलं होतं.

तेव्हा घराण्याच्या तज्ज्ञांना पाचारण करण्यात आलं. तज्ज्ञ म्हणजे धाकटा दीर. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा आणि त्या धंद्याच्या जोरावर जगातल्या कुठल्याही यंत्राला हात घालायचा. त्याने दुरुस्त केलेलं घड्याळ अजून भिंतीवर होतं. वेळ बघायची तर सगळे फोनमध्ये बघत, पण घड्याळ उतरवायचा धीर कुणाला झाला नव्हता.

“वहिनी, एवढंच ना? स्टॅटिक पाहिजे ना? अहो, मला आधी बोलायचं!”

रविवारी येऊन त्याने डब्याची वायर काढली, लावली, डब्याच्या पोटात शिरून काय काय टाइप केलं. मधे दोनदा चहा झाला. “सेटिंगमध्ये असतं सगळं,” असं तो स्वतःशी पण सर्वांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. शेवटी कागदावर आकडे लिहून त्याने तो कागद वहिनींच्या हातात ठेवला.

“घ्या. कायमचा केला. आता आकाश कोसळलं तरी बदलणार नाही. बाबा, करा बंद!”

सासऱ्यांनी बटण बंद केलं. दिराने चालू केलं. आकडे तेच! पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच! दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत, मुलाच्या आग्रहावरून बटण बंद करायला मिळाल्याने सासरे कधी नव्हे ते खुशीत होते. वहिनींनी पत्ता ऑफिसला कळवला आणि फार दिवसांनी गाढ झोपल्या.

सोमवारी सकाळी दार बंद.

“मॅडम,” सर्दीवाले खोकत होते. जरा वेळाने कळलं की ते हसू दाबत आहेत. “हा पत्ता कुणी दिला तुम्हाला?”

“दिराने. कायमचा आहे तो.”

“कायमचाच आहे. माझ्या घरीपण हाच आहे.”

“म्हणजे?”

“सुपरवायझर बाईंच्या घरीही बहुतेक हाच निघेल. अहो, हा घरातल्या घरातला पत्ता. मागची खोली, खिडकीजवळ, असं म्हटल्यासारखा. तो घरात चालतो. आम्हाला बाहेरून दिसतो तो वेगळा, आणि तो तुमचा इंटरनेटवालाच देतो. डब्यात शिरून नाही मिळत तो.”

वहिनींचा पायटा सुरू झाला. पुष्कळ वेळ चालला.

“वाफ घ्या,” शेवटी त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इंटरनेटवाला हा गृहस्थ कायम कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर असे. त्याचा फोन लागला की आधी वारा ऐकू यायचा, मग तो.

“वहिनी बोला,” वारा म्हणाला. तोही त्यांना वहिनीच म्हणत असे.

वहिनींनी सगळं सांगितलं.

“तसं नाही होत ते,” तो म्हणाला. “वाचनालयात जाताना दारात खुंटीला पिशवी अडकवता ना तुम्ही? पिशवीचा बिल्ला मिळतो हातात. परत जाताना बिल्ला द्यायचा, तो पुढच्या माणसाला जातो. उद्या आलात की दुसरा बिल्ला. आमचं तेच. माणसं जास्त, बिल्ले कमी. तुमचा डबा बंद झाला की तुमचा पत्ता दुसऱ्याला. सगळ्यांचे डबे काय एकाच वेळी चालू नसतात.”

“मग आम्हाला एक बिल्ला कायमचा द्या.”

“देतो की. पण मग ती खुंटी तुमच्यासाठी रिकामी ठेवायची, तुम्ही या, नाहीतर नका येऊ. म्हणून त्याचं दर महिन्याला वेगळं भाडं. आणि ते माझ्या हातात नाही, वरून येतं. थोडे दिवस लागतील.”

“वरून म्हणजे? तुम्ही तर आधीच गच्चीवर आहात.”

वारा हसला. पण दिवस लागतील ते लागतीलच, म्हणाला. तोवर डबा बंद करू नका, म्हणजे पत्ता बहुतेक टिकेल.

तोवर! वहिनींनी बटणावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. सासऱ्यांनी ती व्यवस्थित वाचली, छपाईतल्या माणसाच्या नजरेने अक्षराला बरं म्हटलं, आणि बटणाला हात न लावता सरळ मागची पिन उपटून ठेवली. मग वहिनींनी डब्याच्या दिव्यावर काळी पट्टी लावली. “झाकलं म्हणजे विझतं का?” सासऱ्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता.

एक तारीख जवळ आली. वहिनी सासऱ्यांच्या खुर्चीशी खाली बसल्या.

“बाबा, तेवढा एक डबा राहू द्या ना चालू. थोडेच दिवस. माझं काम अडतं.”

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. सुनेने आजवर त्यांच्याकडे काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“तुझं काम अडतं?”

“हो.”

“मग राहू दे.”

इतकं सोपं होतं तर आधीच का नाही विचारलं, असं वाटून वहिनी स्वतःवरच चिडल्या. सकाळी उठल्या, कॉम्प्युटर लावला. दार उघडं! पत्ता कालचाच! सर्दीवाल्यांना फोन करायची गरजच नाही. त्या आनंदात चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या आणि कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

सासरे आरामखुर्ची ओढून डब्यासमोर बसले होते. अंगात कालचेच कपडे. काठी मांडीवर आडवी, डोळे लालभडक, नजर दिव्यावर.

“बाबा, झोपला नाहीत?”

“चालू ठेवलं होतं ना,” ते म्हणाले. “चालू असलं की कुणीतरी बसावं लागतं.”

त्या दिवशी औषध घ्यायला उठताना त्यांचा दोनदा तोल गेला. दुपारी झोपा म्हटलं तर म्हणाले, डब्याकडे कोण बघेल? वहिनी म्हणाल्या, मी बघते. ते म्हणाले, तू आत बसतेस, तुला आतून कसं दिसेल? मूत्रपिंडाचा एक अहवाल वहिनींनी त्या दिवशी एका माणसाचा दुसऱ्याच्या नावावर टाइप केला आणि वेळेत लक्षात आलं म्हणून वाचल्या. अंग मोडून आलं होतं. हे किती दिवस चालणार? वरून यायचा तो पत्ता कोणत्या जिन्याने येत होता कोण जाणे. आणि तोवर हा म्हातारा माणूस खुर्चीत बसून झिजणार. ज्याच्या कोपराला धरायला घरी राहायचं, त्यालाच घरी राहण्यापायी पाडायचं, यात काय हशील?

संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाबा, आज बंद करा.”

“सगळी?”

“सगळी.”

“तुझं काम?”

“होईल ते होईल. झोपा तुम्ही.”

सासरे उठले. नळ, गॅस, कडी, बटणं. डब्यापाशी जरा थांबून त्यांनी सुनेकडे पुन्हा एकदा बघितलं. टक्. आणि मग ते असे घोरायला लागले, की बघूने झोपेत हात लांबवून गजर बंद करायचा प्रयत्न केला.

सकाळी दार बंद. सर्दीवाल्यांनी कुरकुर न करता नवा पत्ता टाकला, पण मंजुरी सुपरवायझर बाईंकडून यायची होती आणि मंजुरीऐवजी बाईच फोनवर आल्या.

“मग एक तारखेपासून येताय ना? खुर्ची पुसून ठेवायला सांगते.”

“येते,” वहिनी म्हणाल्या. आणि लगेच दुसरा फोन लावून दिराला विचारलं, की दिवसा येऊन बाबांपाशी बसणारी कुणी बाई मिळेल का. तज्ज्ञ म्हणाला, “वहिनी, एवढंच ना?” आणि पहिल्यांदाच पुढे काही बोलला नाही. त्याला त्या सेटिंगची अजून लाज वाटत होती.

बाई मिळाली नाही. मिळाली ती सासऱ्यांना आवडली नाही. आवडली ती म्हणाली, म्हातारा माणूस मी एकटीने उचलणार नाही. महिना संपत आला आणि वहिनींनी डबा धुऊन ठेवला. इंटरनेटचा नव्हे, जेवणाचा. तेवढ्यात फोनमध्ये वारा वाहू लागला.

“वहिनी, आला तुमचा पत्ता वरून. आता डबा एकदा बंद करून चालू करा.”

वहिनींनी बाहेर जाऊन सासऱ्यांना सांगितलं. ते संशयाने म्हणाले, “भरदिवसा?”

“भरदिवसा.”

टक्. दिवा विझला. सगळ्यांनी थोडा वेळ त्या काळ्या डब्याकडे आदराने बघितलं. मग बटण चालू. वहिनींनी हेल्पडेस्कला नवा पत्ता सांगितला आणि विचारलं, “हा तुमच्या घरी नाही ना?”

“नाही,” सर्दीवाले म्हणाले. “हा जगात फक्त तुमच्याच घरी. मी अर्जंट म्हणून वर पाठवलाय.” मग नाक ओढून म्हणाले, “आता फोन करायची गरज नाही पडणार तुम्हाला.”

“तब्येत सांभाळा,” वहिनी म्हणाल्या. आणखी काय म्हणणार?

त्या दिवशी सासऱ्यांनी सगळी बटणं बंद केली आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही उघडलं. डॉक्टर लिफ्टमध्ये शिरत राहिले, वहिनी टाइप करत राहिल्या. सकाळी उठायचं, बसायचं, दार उघडं. खिडकीपाशी उभं राहायला निमित्त उरलं नाही. कधी उगाच जाऊन उभ्या राहिल्या तर डॉक्टरांची बोलणी साचल्यासारखी वाटायची, मग परत येऊन बसायच्या.

सुपरवायझर बाईंचा गोड फोन आला. “बघा, झालं की नाही? आता तुम्ही आमच्या कायमच्या घरून काम करणाऱ्या. तुमची खुर्ची दुसऱ्या मुलीला देतोय हं. तुमचं सामान, कप, स्वेटर, चपला, सगळं बांधून कुरिअरने पाठवते.”

“नको,” वहिनी पटकन म्हणाल्या. “मी येऊन घेऊन जाते.”

“अहो, एवढ्या लांब? एका कपासाठी?”

“येते मी.”

सुट्टीच्या दिवशी बघूला बाबांपाशी बसवून, औषधं बशीत काढून, दिराला जादा बंदोबस्तासाठी बोलावून वहिनी निघाल्या. पहिली बस मिळाली. दुसऱ्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. हातात पिशवी रिकामी, कानात कुणी बोलत नाही, कुणाच्या कोपराला आधार द्यायचा नाही. मान खिडकीवर टेकली ती टेकलीच.

जाग आली तेव्हा कंडक्टर खांद्याशी वाकला होता. बाहेर ओळखीची एकही इमारत नव्हती. ऑफिसचा थांबा केव्हाच मागे गेला होता.

“बाई, कुठं उतरायचंय तुम्हाला?”

वहिनींनी बाहेर बघितलं. मग पिशवीची घडी घालून ती मांडीवर ठेवली.

“अजून थोडं पुढं,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.